कॅनडात साइटवर किंवा कारखान्यात कामाला जाताय? आधी नकार द्यायला शिका

सेफ्टी शूज पुण्यातून नेऊ नका. माझ्या रविवारच्या वर्गाला येणाऱ्या बऱ्याच मुलांनी ते आधीच घेतलेले असतात, तेही चांगले, आयएसआय शिक्क्याचे. पण कॅनडात साइटच्या गेटवर बुटाच्या बाजूचा छोटा हिरवा त्रिकोण बघतात. तो सीएसए या तिथल्या मानक संस्थेचा. त्याचा अर्थ बोटांवरची कडक टोपी पहिल्या दर्जाची आहे आणि तळव्यातून खिळा वर येणार नाही. विजेचं काम असेल तर पांढऱ्या चौकोनात नारिंगी ओमेगा असलेले बूट घ्यायचे. हेल्मेट आणि हार्नेसचंही (उंचीवरून पडू नये म्हणून अंगावर घालायचे पट्टे) तसंच, तिथल्या शिक्क्याचंच चालतं. तेव्हा हे वजन बॅगेतून काढा आणि त्या जागी अनुभवाचे दाखले, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं आणि बाकरवडी भरा.

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. उमेदीची वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांपाशी गेली, त्यामुळे कुणाशी हात मिळवताना आधी बोटं मोजायची सवय लागली, ती अजून गेली नाही. आता चिंचवडला सोसायटीच्या हॉलमध्ये बाहेरदेशी निघालेल्या मुलामुलींना बसवून बोलते. आयटीआयचे वेल्डर, फिटर, सिव्हिलचे डिप्लोमावाले आणि 'शिकायला चाललोय, जोडीला गोदामात काम करीन' म्हणणारे. या शेवटच्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण आपण धोक्याच्या कामाला चाललोय हेच त्यांना माहीत नसतं.

सगळ्यांना एक गोष्ट सांगते. आपल्याकडे सुरक्षा हे साहेबांचं खातं असतं. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार अशी कुणकुण लागली की पिवळे पट्टे रंगवायचे, फर्स्ट एडचा डबा भरायचा, बायपास केलेला लाइट कर्टन (मध्ये हात आला की यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा) परत जोडायचा. कामगाराने मान खाली घालून उभं राहायचं. कॅनडात इन्स्पेक्टर आहेत, न सांगता येतात, काम थांबवूही शकतात. पण तिथला कायदा कामगार बोलेल असं धरूनच लिहिलेला आहे. मूग गिळून बसणाऱ्याच्या हाती त्या कायद्यातलं फार थोडं लागतं.

हे असं का, ते थोडक्यात. ओंटारियो प्रांतात एलियट लेक नावाचं युरेनियमच्या खाणींचं गाव आहे. तिथले खाणकामगार फुप्फुसाच्या कॅन्सरने आणि सिलिकोसिसने, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने मरत होते. १९७४ मध्ये त्यांनी संप केला. सरकारने जेम्स हॅम यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्याचा अहवाल १९७६ मध्ये आला. आयोगाचं म्हणणं असं, की धोका सगळ्यांत आधी जो त्या यंत्रापाशी उभा असतो त्याला दिसतो, तेव्हा त्याला माहिती आणि अधिकार द्या. सस्कॅचेवान प्रांताने १९७२ मध्येच तसा कायदा केला होता. ओंटारियोचा १ ऑक्टोबर १९७९ पासून लागू झाला. त्यातून तीन हक्क आले: धोक्याची माहिती मिळण्याचा, सुरक्षेच्या निर्णयांत भाग घेण्याचा आणि धोकादायक काम नाकारण्याचा. पहिले दोन कुणालाही आवडतात. तिसरा वापरायचा म्हटलं की आपल्या मुलांच्या घशाला कोरड पडते.

आधी प्रांत बघा

अख्ख्या कॅनडाला लागू होणारा एकच फॅक्टरी ॲक्ट नाही. १० प्रांत, ३ टेरिटरी आणि केंद्र, असे १४ वेगवेगळे कारभार आहेत. रेल्वे, विमानं, बंदरं, बँका आणि प्रांताची हद्द ओलांडणारे ट्रक केंद्राच्या कॅनडा लेबर कोडखाली येतात, बाकी बहुतेक सगळं प्रांताकडे. म्हणजे ओंटारियोतल्या ब्रॅम्प्टनच्या एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांपैकी एक गोदामात आणि दुसरा मॅनिटोबाच्या ट्रकवर असेल, तर दोघांचा कायदा वेगळा, तक्रार करायची जागाही वेगळी. ओंटारियोत तपासणी कामगार मंत्रालय करतं आणि भरपाई डब्ल्यूएसआयबी हे विमा मंडळ देतं. ब्रिटिश कोलंबियात दोन्ही कामं वर्कसेफबीसीकडे, क्वेबेकात सीएनईएसएसटीकडे. पुढचं बरंचसं ओंटारियोचं सांगते, कारण माझ्याकडची बहुतेक मुलं तिकडेच जातात. इतर ठिकाणी सांगाडा तोच असतो, आकडे आणि मुदती बदलतात.

ट्रकवाल्यांसाठी एवढंच: घाईघाईत परवाना काढून देणाऱ्यांपासून लांब राहा. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचेवानमध्ये हम्बोल्ट गावच्या हॉकी संघाच्या बसचा आणि ट्रकचा अपघात झाला, १६ जण गेले. ट्रक चालवणारा भारतातून गेलेला तरुण होता, प्रशिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचं. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली.

पहिला महिना

टोरंटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थचा अभ्यास सांगतो, की नोकरीच्या पहिल्या महिन्यात कामावर इजा होण्याची शक्यता वर्षभरापेक्षा जास्त रुळलेल्या माणसाच्या तिपटीहून अधिक असते. मला याचं नवल वाटलं नाही. प्रेसवर नवा माणूस आला की पहिला महिना मी स्वतः दिवसातून एकदा त्याच्या मागे जाऊन उभी राहायची.

ओंटारियोत प्रत्येक कामगाराला सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण द्यावंच लागतं, २०१४ पासून. चार टप्प्यांचा हा कोर्स सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. विमानात बसायच्या आधी पुण्यातच करून टाका आणि सर्टिफिकेट छापून घ्या. रसायनांशी संबंध येणार असेल तर व्हिमिस नावाचं प्रशिक्षण लागतं: पिंपाच्या लेबलवरची चिन्हं आणि सेफ्टी डेटा शीट वाचणं. आपल्या कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत काम केलेल्यांना ते सोपं जाईल, चिन्हं तीच आहेत.

बांधकामावर उंचीचं काम असेल तर वर्किंग ॲट हाइट्सचा मान्यताप्राप्त कोर्स हवाच, आणि तो तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो. हार्नेस अंगावर घालून, दोर अडकवून दाखवण्याचा भाग समोरासमोरच होतो. 'सगळं ऑनलाइन, दोन तासांत सर्टिफिकेट' असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. अल्बर्टात तेल आणि वायूच्या कामावर एचटूएस अलाइव्ह नावाचं, हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूबद्दलच्या कोर्सचं सर्टिफिकेट मागतात. तेही तीनच वर्षांचं.

पहिल्या दिवशी विचारायचं काय? हे यंत्र बंद कसं करायचं आणि लाल बटण माझ्या हाताला पोचतं का. दुरुस्तीच्या वेळी कुलूप कोण लावतं. चाकणच्या मुलांना लोटो माहीत असतं, म्हणजे दुरुस्ती चालू असताना यंत्र कुणी चालू करू नये म्हणून त्याला कुलूप आणि पाटी लावणं, तेच तिथे लॉकआउट. आपलं कुलूप आपणच लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. माझा कामगार प्रतिनिधी कोण? ओंटारियोत नियमितपणे २० किंवा जास्त कामगार असतील तर संयुक्त सुरक्षा समिती असावी लागते, तीत निम्मे तरी कामगारच. ६ ते १९ असतील तर एक प्रतिनिधी. त्याचं नाव फलकावर लावलेलं असतं. त्याच फलकावर इन्स्पेक्टरने दिलेले आदेशही चिकटवायचे असतात, ते जेवणाच्या सुट्टीत वाचा. जागा कशी चालते हे दहा मिनिटांत कळतं.

एजन्सीमार्फत गेलात तर एजन्सी म्हणते ट्रेनिंग कंपनी देईल, कंपनी म्हणते एजन्सीने दिलं असेल. कायद्यात दोघेही जबाबदार आहेत. टोरंटोच्या एका मोठ्या औद्योगिक बेकरीत २०१६ मध्ये एजन्सीकडून आलेल्या २३ वर्षांच्या मुलीचा हिजाब कन्व्हेयरमध्ये अडकला आणि ती गेली. यंत्राला पुरेसं आवरण नव्हतं, बंद करायचं बटण हाताशी नव्हतं. कंपनीने गुन्हा कबूल केला, तीन लाख डॉलर दंड झाला. हे सांगितलं की वर्गातल्या मुली आपसूक ओढणीला हात लावतात. ओढणी, लांब मंगळसूत्र, हातातला गंडा-दोरा, सगळं लॉकरमध्ये. आजीला काय सांगायचं ते मी बघते.

काम नाकारायचं कसं

२४ डिसेंबर २००९. टोरंटोच्या किपलिंग ॲव्हेन्यूवर एका उंच इमारतीच्या बाल्कन्यांची दुरुस्ती चालली होती. संध्याकाळी खाली उतरायला सहा जण एकाच झुलत्या परांचीवर चढले. जीवनदोर दोनच होते. तेराव्या मजल्यापाशी परांची मधून तुटली. चौघे मेले, पाचवा कायमचा जायबंदी झाला. दोराला नीट बांधलेला एक वाचला. बहुतेक जण पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या देशांतून आलेले, इंग्रजी यथातथाच येणारे. यांच्यातल्या कुणाला ते धोक्याचं आहे हे दिसलं नसेल, असं मला वाटत नाही.

कंपनीला आधी दोन लाख डॉलर दंड झाला. अपील न्यायालयाने २०१३ मध्ये तो साडेसात लाख केला. प्रकल्प व्यवस्थापकाला साडेतीन वर्षांची कैद झाली. ही कैद शक्य झाली ती २००४ च्या फौजदारी कायद्यातल्या दुरुस्तीमुळे, आणि त्या दुरुस्तीमागे नोव्हा स्कोशियातली वेस्टरे कोळसा खाण आहे. ९ मे १९९२ ला तिथे मिथेन आणि कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन २६ खाणकामगार गेले होते आणि एकालाही फौजदारी शिक्षा झाली नव्हती. उंचीच्या कामाचा कोर्स २०१५ पासून सक्तीचा झाला, तो किपलिंग ॲव्हेन्यूनंतर.

आता पद्धत. काम धोक्याचं वाटलं की थांबा आणि सुपरवायझरला लगेच सांगा. कुरकुर करणं, कपाळाला आठ्या घालणं, 'सर, जरा बघा ना' म्हणणं याला नकार धरत नाहीत. वाक्य पाठ करून जा: 'आय ॲम रिफ्यूझिंग धिस वर्क. आय बिलीव्ह इट इज अनसेफ.' आणि कारण एका ओळीत. रिफ्यूझ हा शब्द उच्चारला की कायद्याची गाडी सुरू होते. माझ्या वर्गात हे वाक्य प्रत्येकाला उभं राहून मोठ्याने म्हणावं लागतं. सुरुवातीला हसतात. दहावीला पाढे म्हणायला लावल्यासारखं वाटतं त्यांना.

त्यानंतर सुपरवायझरने तुमच्यासमोर आणि कामगार प्रतिनिधीसमोर तिथल्या तिथे तपासणी करायची असते. तुम्ही जवळच, पण सुरक्षित जागी थांबायचं. घरी निघून जायचं नाही, हे नीट लक्षात ठेवा. या वेळेचा पगार मिळतो. तपासणीनंतरही तुमचं समाधान झालं नाही आणि त्याला सबळ कारण असेल, तर मंत्रालयाच्या इन्स्पेक्टरला बोलवावं लागतं. तोवर तुम्हाला दुसरं योग्य काम देता येतं. तेच काम दुसऱ्याला द्यायचं झालं तर 'याने नाकारलंय आणि या कारणासाठी' हे त्याला आधी सांगणं भाग आहे. या नकाराबद्दल कामावरून काढणं, पगार कापणं किंवा धमकावणं बेकायदेशीर आहे. तसं झालं तर ओंटारियो लेबर रिलेशन्स बोर्डाकडे जाता येतं, आणि युनियन नसलेल्यांना ऑफिस ऑफ द वर्कर ॲडव्हायझर हे सरकारी कार्यालय फुकट मदत करतं.

नर्सिंगला जाणाऱ्या मुलींसाठी एक अपवाद: तुमच्या नकाराने पेशंटचा किंवा दुसऱ्या कुणाचा जीव थेट धोक्यात येत असेल तर हा हक्क मर्यादित आहे. पोलीस आणि अग्निशमन दलालाही तसंच.

माझा भाचा ब्रॅम्प्टनला पाइपलाइनच्या कामावर आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "मावशी, चर माझ्या खांद्याइतका खोल आहे, बाजूला काहीच नाही. सुपरवायझर म्हणतो पाच मिनिटांचं काम आहे, उतर." म्हटलं, "किती मिनिटांचं आहे ते मातीला विचारून आलाय का तो?" ओंटारियोत चर १.२ मीटरपेक्षा खोल झाला की बाजूंना आधार द्यायचा किंवा उतार काढायचा, आणि आत माणूस असेल तेव्हा वर जवळच दुसरा असायलाच हवा. घनमीटरभर माती दीड टनाच्या आसपास भरते, छातीपर्यंत गाडला गेलात तरी श्वास घेता येत नाही. भाच्याने ते वाक्य म्हटलं. ट्रेंच बॉक्स (चराच्या बाजू ढासळू नयेत म्हणून आत बसवायचा पोलादी सांगाडा) दुसऱ्या साइटवरून दुपारी आला, तोवर याला फळ्या रचायला लावलं. पुढे बरेच दिवस सुपरवायझर त्याच्याशी धड बोलत नव्हता. हेही होतं, त्याची तयारी ठेवून जा.

बंदिस्त जागेचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे नकाराची वेळ निघून गेलेली असते. ५ सप्टेंबर २००८ ला ब्रिटिश कोलंबियातल्या लँगलीत मशरूमच्या शेतावर पंपाच्या शेडमधला तुंबलेला पाइप मोकळा करताना विषारी वायूने तिघे गेले, दोघांच्या मेंदूला कायमची इजा झाली. सेप्टिक टाकीत एकामागोमाग एक उतरून मेलेल्यांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, तोच प्रकार. टाकी, चेंबर, सायलो (धान्याची उंच बंद कोठी), खतासारखं काही कुजत असलेली शेड, कुठेही आधी वायू मोजल्याशिवाय डोकं घालायचं नाही. आत मित्र पडलेला दिसला तरी नाही. बाहेरून ओरडायचं, मदत बोलवायची.

तक्रार आणि इन्स्पेक्टर

नाकारण्याइतकी तातडी नसेल तर आधी सुपरवायझर, मग समिती, मग मंत्रालयाचा फोन. नाव न सांगता तक्रार करता येते. फोन करताना पत्ता, मजला, कोणतं यंत्र, कोणत्या पाळीत हे सांगा. 'तिथे सेफ्टी नाही' एवढ्यावरून इन्स्पेक्टरला काही सापडत नाही. तो आला आणि तुमच्याशी बोलला तर जे दिसलं तेच सांगा. ऐकीव काही जोडू नका. ओंटारियोत कंपनीला एका गुन्ह्यासाठी २० लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दंड सुपरवायझरलाही होतो, आणि तुम्हालाही. दिलेलं हेल्मेट न घालणं, यंत्राचं आवरण काढणं हा तुमचा गुन्हा आहे.

तिथलं सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. दरवर्षी हजाराच्या आसपास कामगारांचे मृत्यू कॅनडातली भरपाई मंडळं कामाशी संबंधित म्हणून मान्य करतात. २०१२ मध्ये ब्रिटिश कोलंबियात दोन लाकूड गिरण्या तीन महिन्यांच्या अंतराने उडाल्या, २० जानेवारीला बर्न्स लेकची आणि २३ एप्रिलला प्रिन्स जॉर्जची. दोन्हीकडे दोन दोन कामगार गेले, चाळीसहून अधिक जखमी. किडीने मारलेल्या पाइन झाडांचा कोरडा भुसा हवेत साचला होता. दंड झाले, पण खटला एकावरही उभा राहिला नाही, कारण तपास यंत्रणेने पुरावा ज्या पद्धतीने गोळा केला तो न्यायालयात टिकला नसता. म्हणून तुमची स्वतःची वही हवी. तारीख, वेळ, काय दिसलं, कुणाला सांगितलं, तो काय म्हणाला. मराठीत लिहा, हरकत नाही. फक्त त्याच दिवशी लिहा.

राहिली व्हिसाची भीती. विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं, आणि काही मालक जास्त तासांचे पैसे रोखीत देतात ते नेमकं तुमचं तोंड बंद राहावं म्हणून. मर्यादेत राहा, म्हणजे कुणाच्या हातात काही राहत नाही. ज्यांचं परमिट एकाच मालकाला बांधलेलं आहे आणि मालक छळतो, त्यांना खुल्या, म्हणजे दुसऱ्या मालकाकडेही काम करू देणाऱ्या परमिटसाठी अर्ज करता येतो. ही सोय २०१९ पासून आहे.

लागलं तर

आधी उपचार. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की हे कामावर झालं. मग सुपरवायझरला, शक्यतो मेसेजवर, म्हणजे वेळ नोंदली जाते. त्या दिवसाचा पूर्ण पगार मालकाने द्यायचा असतो, आणि डब्ल्यूएसआयबीला कळवायला त्याच्याकडे कामाचे तीन दिवस असतात. 'घरी जिन्यावरून पडलो असं सांग, आठवड्याचे पैसे मी देतो' असं कुणी म्हणालं तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये. दावा दडपणं गुन्हा आहे. पाठीचं दुखणं आठवड्यात बरं होत नाही, आणि नंतर कागदावर तुम्ही जिन्यावरून पडलेले असता.

चूक कुणाची हे भरपाईसाठी बघत नाहीत. तुमचा पाय तुमच्याच गडबडीने घसरला असला तरी दावा होतो, त्यामुळे लाजेने अंगावर काढू नका. मालकाचा फॉर्म ७, तुमचा फॉर्म ६, मुदत सहा महिन्यांची. मालकाने त्याच्या फॉर्ममध्ये काय लिहिलंय त्याची प्रत मागून वाचा, इजेची जागा आणि वेळ जुळते का बघा. इंग्रजी अडलं तर डब्ल्यूएसआयबीकडे दुभाषा मागता येतो. मराठीचा नाही मिळाला तर हिंदीचा घ्या, पण खोलीतल्या मित्राला, आणि त्यातही त्याच कंपनीत काम करणाऱ्याला, दुभाषा म्हणून नेऊ नका.